अण्णा, तुमचे दात हलत नव्हते

अण्णा, तुम्हाला जाऊन आज चोवीस दिवस झाले आणि माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

मंडळीतली, चर्चची माणसं येतात. दारात चपला काढतात, ‘सलाम’ म्हणतात, बसतात, आणि थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतंच, “याकोबअण्णांसारखा धीराचा माणूस बघितला नाही.” मी मान हलवते, चहा ठेवायच्या निमित्ताने आत जाते आणि ओट्याला धरून उभी राहते. सासरा गेल्यावर सुनेनं रडायचं असतं, ते मी रडले. खोटं नाही रडले. पण रागाचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. तुमच्या लेकाजवळ, शमूजवळ काढावं तर तो उठून बाहेर जातो. तेव्हा वहीत तुमच्याशीच बोलते. तसंही या घरात माझं भांडण तुमच्याशीच व्हायचं.

पायाला रिंग बसवून मला दवाखान्यातून घरी आणलं तो मेचा शेवट होता. शाळेत जाताना टेम्पोने माझी स्कूटी उडवली त्याला तेव्हा सात महिने होत आले होते. त्या सात महिन्यांत डाव्या नडगीत धातूची पट्टी बसवली, जखमेत पू झाला, पट्टी काढली, कुजलेलं हाड कापून टाकलं. मधे सहा सेंटिमीटरची पोकळी राहिली. ती भरायला पायाभोवती लोखंडी कड्या, आणि कड्यांतून हाडात आरपार गेलेल्या तारा. वरच्या बाजूला हाडाला एक काप दिलेला. कडीचा नट रोज थोडा फिरवायचा, म्हणजे सुटा केलेला तुकडा खाली सरकणार आणि त्याच्या मागे नवं हाड धरत जाणार.

“दिवसाला एक मिलिमीटर,” डॉक्टर म्हणाले होते. “चार वेळा, पाव-पाव फेरा. घाई केली तर नवं हाड धरणार नाही. आळस केला तर काप आधीच जुळून बसेल आणि पुन्हा कापावं लागेल. घरी कोण फिरवणार?”

शमू पुढे झाला. पन्नास माणसं भरलेली एसटी घाटातून आणणारा तुमचा मुलगा. पाना हातात घेतला, तार कातडीतून आत जाते तिथे त्याची नजर गेली, आणि तो तसाच भिंतीला टेकून खाली बसला. ओठ पांढरे. तुम्ही त्याच्या हातातून पाना काढून घेतलात.

“मी जॉबर हाय, डाक्टर. चाळीस वर्सं मागाचं नट पिळलंय. कुटं थांबायचं ते हाताला कळतंय.”

माग ऐकून ऐकून तुमचे कान गेले होते, त्यामुळे तुम्ही हे एवढ्या मोठ्यानं बोललात की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. सासऱ्यासमोर मी कधी पाय पसरून बसले नव्हते, आणि आता दिवसातून चार वेळा.

त्या दिवशी संध्याकाळी सहाला तुम्ही पलंगाशी स्टूल ओढून बसलात. मी चादर गुडघ्यापर्यंतसुद्धा वर घेईना. तुम्ही उठून माझ्या टेबलावरची लाल नेलपेंट आणलीत, चादरीकडे न बघता म्हणालात, “नटाच्या एका कडंला ठिपका देतो. म्हंजी कितपत फिरला ते चुकायचं न्हाय.” मग जरा थांबून, “लाजू नगं, पोरी. मला नट दिसतोय, बाकी काय दिसत न्हाय.” मी चादर सरकवली. तुम्ही डोळे मिटलेत, “प्रभू, आजचं एवढं,” म्हणालात, आणि पाव फेरा दिलात. तेवढीच प्रार्थना. दिवसातून चार वेळा, तेच तीन शब्द. पाळकसाहेब आले की अर्धा अर्धा तास प्रार्थना करायचे आणि तुम्ही शेवटी सगळ्यांच्या वर ‘आमेन’ म्हणायचात, पण स्वतः कधी चौथा शब्द जोडला नाहीत.

पाव फेऱ्याला दुखत नाही असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टरांच्या पायात तारा नव्हत्या. फेरा दिला की तासाभराने नडगीच्या आत कुणी दोरी ताणून धरल्यासारखं व्हायचं. तारांच्या तोंडाशी पाणी सुटायचं, ते तुम्ही कापसानं टिपायचात. पत्रा तापायचा, शेजारच्या शेडमधले माग थांबायचे नाहीत, आणि मी कुशीवर वळू शकायचे नाही. पंधरा दिवस मी सोसलं. सोळाव्या दिवशी दुपारी तुम्ही पाना घेऊन आलात आणि डोळे मिटलेत तेव्हा मी म्हणाले, “अण्णा, तुमचा देव पाव फेऱ्याचा आहे का? त्याला पूर्ण फिरवता येत नाही का एकदाच?”

तुम्ही ऐकलं नाही असं मला वाटलं. फेरा देऊन, हात पुसून तुम्ही गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी खाता खाता आतल्या खोलीतून तुमचा आवाज आला, “पाव फेऱ्याचा असला तरी चालंल की. उलटा फिरत न्हाय तेवढं बघ.” रात्रभर तुम्ही ते मनात घोळवत होता तर. मला राग आला आणि थोडं बरंही वाटलं. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही.

मग ती सभा. आपण तिघंही तिच्याबद्दल नंतर कधी नीट बोललो नाही, आता बोलते.

बाहेरगावचे एक प्रचारक येणार होते, मंगल कार्यालय घेऊन तीन दिवसांची चंगाईची, प्रार्थनेनं आजार बरे करायची सभा होती. शमूच्या डेपोतल्या कुणीतरी पत्रक दिलं. त्यानं पत्रक माझ्या उशाशी ठेवलं. दोन दिवस ते तिथेच होतं. तिसऱ्या दिवशी मीच म्हणाले, जाऊ या. अण्णा, मी शमूवर ढकलणार नाही. मला जायचं होतं. महिनाभर मोजून तीन सेंटिमीटर झाले होते, अजून तीन राहिले होते, आणि त्यानंतर हाड घट्ट व्हायला किती महिने ते डॉक्टर सांगत नव्हते. मला एका संध्याकाळी उठून चालायचं होतं.

तुम्हाला ते पसंत नव्हतं. पण तुम्ही अडवलं नाहीत. रिक्षात मला तुम्हीच बसवलंत, पाय मांडीवर धरून तुम्हीच बसलात. कार्यालयात पंखे होते तरी घाम निथळत होता, गाणी चालली होती, लोक हात वर करून रडत होते. मीही रडत होते. व्यासपीठावर माणसं जात होती, येत होती. मग प्रचारकांनी मला वर बोलावलं. शमूनं मला उचलून नेलं, वॉकर धरून उभं केलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, लांब, आवाज चढवत चढवत, आणि म्हणाले, “बहिणी, वॉकर सोड. आजपासून तुला याची गरज नाही. पाय टाक.”

मी वॉकर सोडला. डाव्या पायावर भार दिला. आतून काहीतरी कळवळून वर आलं आणि मी ओरडले. त्यांनी माझा दंड धरला. “शंका धरू नको. शंका धरलीस तर तुझं बरं होणं तूच अडवशील. अजून एक पाऊल.” समोर तीनशे-चारशे माणसं. शमू माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर एवढी आशा होती की मी दुसरं पाऊल उचलायला निघाले.

तेवढ्यात तुम्ही पायऱ्या चढून वर आलात. घाई नाही, धावपळ नाही. मला पाठीमागून काखेत धरलंत, सगळा भार स्वतःवर घेतलात, आणि प्रचारकांना म्हणालात, “साहेब, तिचं बरं होणं चालू हाय. बंद पाडू नका.”

तुम्हाला माइकची गरज नव्हती. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. कुणीतरी हसलं, कुणीतरी ‘अविश्वासी’ म्हणालं. तुम्ही मला उचललंत. सत्तरीच्या घरातला माणूस, मी काही हलकी नाही, वर लोखंडाचं ओझं. उचलून, पायऱ्या उतरून, मधल्या वाटेनं दारापर्यंत घेऊन गेलात. तुमची छाती माझ्या कानाशी भात्यासारखी चालत होती.

एक तार वाकली होती. डॉक्टरांनी ती बदलली, आणि यापुढे पाव फेऱ्याचाही निम्माच द्यायचा म्हणाले. शमूनं त्या दिवसापासून तुमच्याशी बोलणं टाकलं. “मधे पडला नसता तर दुसऱ्या पावलाला झालं असतं,” एवढं एकदाच माझ्यादेखत म्हणाला. ताटावर बाप-लेक शेजारी बसायचे आणि मीठ मागायचं तर माझ्याकडून. हे एक-दोन दिवस नाही चाललं. पावसाळा गेला, नाताळ आला, घरावर तारा टांगायला शमू शिडीवर चढला, तुम्ही खाली शिडी धरून उभे राहिलात, आणि तरी एक शब्द नाही.

याच काळात कधीतरी तुम्ही वेगळं जेवायला लागलात. आधी आमच्याबरोबर बसून भाकरी दुधात कुस्करून खायचात. मी पलंगावरून विचारलं, “अण्णा, कडक भाकरी आवडणारा माणूस तुम्ही. कुस्करता का?” तुम्ही म्हणालात, “दात हालत्यात.” मी म्हणाले, दाखवून या. तुम्ही म्हणालात, “तुजं हुंदे आदी.” मग आमचं झाल्यावर एकटे बसायला लागलात. मग पेज. पँट कमरेला दोरीनं बांधायला लागलात, आणि मला वाटलं, माणूस म्हातारा झाला.

मला एवढंच वाटलं, अण्णा. मी शिक्षिका आहे. वर्गातल्या साठ पोरांत कुणी डबा खाल्ला नाही ते मला दारातून कळतं. आणि हाताच्या अंतरावर, दिवसातून चार वेळा माझ्यापुढे मान खाली घालून बसणारा माणूस गिळू शकत नाही, हे मला कळलं नाही. मी माझ्या पायाकडे बघत होते. तुमच्यावरचा राग लिहायला बसले खरी, पण लिहिताना हे मधे येतं. येऊ दे.

सप्टेंबरात तुकडा खालच्या हाडाला येऊन भिडला. नट फिरवणं संपलं. मग नुसती वाट बघणं. दर महिन्याला फोटो काढायचा, पोकळीत धुरासारखं पांढरं काहीतरी दिसायचं, पुढच्या महिन्यात ते जरा दाट व्हायचं. तुम्ही फोटो खिडकीच्या उजेडात धरून बघायचात. “भरतंय की,” म्हणायचात. तारांची तोंडं रोज पुसायचं काम तुम्ही कुणाला दिलं नाहीत. मार्चमध्ये रिंग निघाली. डॉक्टरांनी कड्या सोडवल्या तेव्हा तुम्ही तिथे उभे होतात, आणि रडलात. मी तुम्हाला त्याआधी एकदाच रडताना बघितलं होतं, शमूच्या आई गेल्या तेव्हा.

आणि एप्रिलचा पहिला रविवार. दीड वर्षानं मी मंडळीत आले, वॉकर घेऊन, पण स्वतःच्या पायांनी. लोक वळून बघत होते, बायका डोळे पुसत होत्या. प्रभुभोजन होतं. आपण तिघं एका रांगेत बसलो होतो, मधे मी. भाकरीचे तुकडे असलेलं ताट फिरत आलं. तुम्ही तुकडा घेतलात, तोंडात ठेवलात. बोटाच्या पेराएवढा तुकडा. मी माझा गिळला, डोळे उघडले, आणि तुमच्याकडे बघितलं. तुमचा गळा वर-खाली होत होता आणि काहीच खाली जात नव्हतं. द्राक्षारसाचा पेला आला. तुम्ही तो घेतलात आणि तो नाकातून परत आला. पांढऱ्या सदऱ्यावर.

तुम्ही तोंडावर रुमाल धरून उठलात आणि बाजूच्या दारातून बाहेर गेलात. मी वॉकर ओढत मागे आले. आवारातल्या नळाशी तुम्ही वाकून उभे होतात. तोंडात तो तुकडा अजून होता. तो तुम्ही थुंकत नव्हतात. ओंजळीत पाणी घेऊन पुन्हा पुन्हा गिळायला बघत होतात, ठसकत होतात, डोळ्यांतून पाणी, आणि थुंकत नव्हतात.

“अण्णा, टाका तो.”

तुम्ही मान हलवलीत.

“टाका म्हणते ना. प्रभू काही म्हणणार नाही.”

शेवटी तो रुमालात काढून, रुमालाची घडी करून तुम्ही वरच्या खिशात ठेवलात. मी विचारलं, “किती दिवस झाले?” तुम्ही नळ बंद केलात. नीट, घट्ट. मग म्हणालात, “नऊ म्हैनं.”

“दाखवलं होतं कुठे?”

“व्हय. जुलैत. दुर्बीण घातली त्यांनी. गाठ हाय म्हणाले. दोन म्हैनं बाहेरगावी ऱ्हावं लागंल, किरणांचा शेक घ्यावा लागंल म्हणाले. मी म्हणलं, येतो. सुनंच्या पायाचं हुंदे.”

“मला म्हणालात दात हलतात.”

“खोटं बोललो की,” तुम्ही म्हणालात. “प्रभूला सांगितलंय तसं.”

आत गाणं सुरू झालं होतं. मी वॉकर उचलून आपटला. त्याचा एक रबरी बूट निघून गेला, तो तुम्ही वाकून उचललात आणि परत बसवायला लागलात. अशा वेळीसुद्धा. तेव्हा मला तुमचा जेवढा राग आला तेवढा जन्मात कुणाचा आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीवाल्या डॉक्टरांनी तुमचे कागद बघितले आणि विचारलं, जुलैचा कागद आहे, आता आणताय? गाठ पसरली होती. शेक आता उपयोगाचा नव्हता. पोटात नळी बसवून देतो, म्हणाले, म्हणजे निदान उपाशी राहणार नाहीत. शमू त्या खोलीत उभा होता. गेल्या जूनपासून जो तुमच्याशी बोलला नव्हता, त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं आणि विचारलं, “पप्पा, तुम्हाला बरं व्हायचं नव्हतं का?”

मला वाटलं तुम्ही नेहमीसारखं काहीतरी म्हणाल. प्रभूची इच्छा, किंवा वय झालंय. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “व्हायचं हुतं की. लई व्हायचं हुतं.”

शमू तिथेच तुमच्या पायाशी बसला. बोलणं सुरू झालं ते असं.

पुढचे दहा आठवडे मी तुम्हाला नळीतून भरवलं. पेज गाळून, कोमट करून, पिचकारीनं, थेंब थेंब. जोरात दाबलं की उलटी व्हायची. तुम्ही सदरा वर करायला लाजलात तेव्हा मी तो वर केला आणि कामाला लागले. शमू त्याच्या सभेतली माणसं घेऊन आला, त्यांना तुमच्यावर हात ठेवून प्रार्थना करायची होती. मला वाटलं तुम्ही नको म्हणाल. तुम्ही डोळे मिटून पडून राहिलात, त्यांना हवं तेवढा वेळ दिलात, आणि ते गेल्यावर शमूला म्हणालात, “बरं वाटलं.” खरं होतं की त्याच्यासाठी होतं, ते मला कधी कळलं नाही. विचारायचं राहिलं.

बाकी सगळं मी विचारलं. रोज विचारलं. नट फिरवायचा होता तोपर्यंत मी समजू शकते, अण्णा. दुसरं कुणी फिरवलं असतं, मी स्वतः शिकले असते, पण तरी समजू शकते. सप्टेंबरात नट थांबला. सप्टेंबर ते एप्रिल काय? तेव्हा कशाची वाट बघत होता? तुम्ही म्हणायचात, “तुजं चालू हुतं.” मी म्हणायचे, हे उत्तर नाही. तुम्ही भिंतीकडे वळायचात.

मला उत्तर माहीत आहे असं वाटतं. याच गाठीनं आई गेल्या. शेक घेऊन आल्यावर चार महिने त्यांचं जे झालं ते तुम्ही बघितलं होतं, तुमच्याच मांडीवर. तुम्ही भ्यालात. त्यात काही लाजायचं नव्हतं. पण भीतीला तुम्ही धीर म्हणालात, आणि आम्ही सगळ्यांनी ते मानलं, कारण तुमच्या तोंडून ते खरं वाटायचं. माझ्या पायापुढे तुमचा धीर खरा होता. ती गोष्ट मी कुठेही शपथेवर सांगेन. तुमच्या स्वतःच्या गळ्यापुढे तो नव्हता. हे मला तुमच्याकडून एकदा ऐकायचं होतं.

शेवटचं भांडण तुम्हाला आठवत असेल तर ते घेऊन जाऊ नका. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी म्हणाले, मी रजा वाढवते. तुम्ही म्हणालात, जा. आवाज तोवर पार बसला होता, कान जवळ न्यावा लागायचा. “पोरं वाट बघत असत्याल.” मी म्हणाले, “तुम्हाला असं टाकून मला नको जायला.” तुम्ही म्हणालात, “मग पाय कशाला केला?” आणि मी म्हणाले, “हा पाय मला नको होता. या किमतीला नको होता.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग डोळे मिटलेत. मी पिचकारी धुवायला उठले. ते आपलं शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. वॉकर मेमध्येच सुटला होता. पहिलीच्या वर्गात नवी पोरं रडत होती, एकाला कडेवर घेतलं होतं, तेव्हा शमूचा फोन आला. पोराला शेजारच्या बाईंकडे दिलं आणि निघाले. नाक्यावर रिक्षा नव्हती. मी थांबले नाही. शाळेपासून भवानी पेठेतल्या घरापर्यंत चालत आले, भरभर. घरात शिरल्यावर शमूनं विचारलं, “कशी आलीस?” मी म्हणाले, “चालत.” तो तुमच्या उशाशी बसला होता, तुमचा हात त्याच्या हातात. म्हणाला, “आत्ता गेले. माझ्याशी बोलले थोडं.” काय बोलले ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारत नाही. ते तुम्हा दोघांचं आहे.

दफनाच्या वेळी बायकांनी माझ्यासाठी खुर्ची आणली. मी बसले नाही.

या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, वनिता, उपासनेत अण्णांबद्दल साक्ष दे. सगळ्यांना काय ऐकायचं होतं ते मला माहीत होतं. मी उभी राहिले, आणि कड्यांचं सांगितलं, मंगल कार्यालयातलं सांगितलं, लोक रडले. मग जुलैचा कागद सांगितला. मी म्हणाले, “माझ्या सासऱ्यांनी माझ्यासाठी जे केलं त्याबद्दल मी जन्मभर देवाचे उपकार मानीन. आणि स्वतःसाठी जे केलं नाही ते चूक होतं. त्याला कुणी धीर म्हणू नका. इथे कुणी दुखणं लपवून बसलं असेल, तर घरी आधी सांगा, मग प्रार्थनेला या.” शमूची मान खाली होती. पाळकसाहेबांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मंडळीत कुणी ‘आमेन’ म्हणालं नाही. दिवसभर मला वाटत राहिलं की मेलेल्या माणसाची अब्रू मी चारचौघांत काढली.

संध्याकाळी दारात मालनबाई आल्या. उपासनेआधी सतरंज्या घालतात, त्या. आत येईनात. म्हणाल्या, “छातीत गाठ हाय गं. चार म्हैनं झालं. कुणाला बोलले न्हाय. लेकाचं लगीन हुंदे म्हणलं.” “लई उशीर झाला असंल का?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “मला माहीत नाही. उद्या सकाळी जाऊ.”

सोमवारी आम्ही गेलो. तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला. आज रिपोर्ट होता. मघाशीच आलो आहोत तिथून. शमूनं आज ड्यूटी बदलून घेतली होती. तो दाराबाहेर उभा होता, आत आला नाही. डॉक्टरांनी दोनदा वाचला. म्हणाले, “कॅन्सर आहे. पण बाई, वेळेत आलात. गाठ लहान आहे. ऑपरेशन, मग शेक, मग औषधं, वर्ष जाईल. बरं होता येईल, पण हळूहळू. धीर धरावा लागेल.”

मालनबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

मी म्हणाले, “धीर धरू, डॉक्टर. ऑपरेशनची तारीख मात्र आजच लिहून द्या.”